डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

मामांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात वेळेत नेलं, उपचार चोख झाले, अकराव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी छान टाइप केलेली होती. कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, सगळं स्वच्छ. आणि सगळ्यात खाली, पेनाने, घाईघाईत लिहिलेली एक ओळ: ‘घरी फिजिओ चालू ठेवावी.’

कुणी करायची, दिवसातून किती वेळ, किती महिने, कुणाच्या पैशाने, आणि नारायण पेठेतल्या बिनलिफ्टच्या दुसऱ्या मजल्यावर नेमकं काय काय शिकवायचं, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. मामीने कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाली, “एवढंच?”

श्रीमंत देशांत अपंगत्वानंतरच्या सेवा चांगल्या आणि गरीब देशांत वाईट, हे कुणालाही ठाऊक असतं. त्याचं कारणही आपल्या तोंडावर तयार असतं: त्यांच्याकडे पैसा आहे, मशिनं आहेत. खोटं नाही ते. पण गेलं वर्षभर मामांच्या घरी जा-ये करताना आणि या विषयावर मिळेल ते वाचताना मला वाटायला लागलं, की खरा फरक मशिनपेक्षा वहीत आहे. माणूस अंथरुणाला खिळला तर त्याचा खर्च नेमका कुणाच्या वहीत मांडला जातो, हा तो प्रश्न. तिथपर्यंत यायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आधी शब्दाचं बघू. पुण्यात ‘पुनर्वसन’ म्हटलं की जुन्या माणसांना पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, आणि पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगरकडे घरं दिली गेली. रिहॅबिलिटेशनला मराठीत हाच शब्द चिकटला, आणि मला तो बरीच वर्षं चुकीचा वाटायचा. आता वाटत नाही. मामांचं घर तेच होतं, खिडकीजवळची खुर्ची तीच होती, पण त्या घरात त्यांना राहता येत नव्हतं. संडासात उकिडवं बसता येईना, सदऱ्याचं बटण लागेना, पाण्याचा घोट घेतला की ठसका. जिना म्हणजे तर कडाच. माणसाला त्याच्याच घरात पुन्हा वसवायचं होतं.

या कामाला बरीच माणसं लागतात. हातापायांची ताकद आणि चालणं बघणारा फिजिओथेरपिस्ट आपल्याला माहीत असतो. रोजची कामं (अंघोळ, कपडे, एका हाताने पोळी मोडणं) नव्याने शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट वेगळा. बोलण्याबरोबर गिळणंही स्पीच थेरपिस्ट बघतो, हे मला साठी ओलांडलेल्या मामांमुळे कळलं. झटक्यानंतर पाणी, चहा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून कधीकधी पातळ पदार्थ मुद्दाम घट्ट करून द्यावे लागतात. कृत्रिम पाय आणि स्प्लिंट बनवणारे तंत्रज्ञ आणखी निराळे. या सगळ्यांची मोट बांधणारा फिजिकल मेडिसिनचा डॉक्टर असतो आणि जोडीला मानसोपचार, समाजसेवक. आपण या सगळ्यांना मिळून ‘फिजिओ’ म्हणतो, यातच बरंच काही आलं.

आणि हे लवकर व्हावं लागतं. झटक्यात मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. आजूबाजूचा भाग त्याचं काम शिकतो. शिकणं म्हणजे पाढे पाठ करण्यासारखं, पुन्हा पुन्हा तेच. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांत पडतो. पुढेही सुधारणा होते, पण हळू. म्हणून ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की झटका आलेल्या माणसाला आठवड्यातले किमान ५ दिवस, दिवसाला किमान ३ तास थेरपी मिळावी. अमेरिकेतही रिहॅब हॉस्पिटलात दाखल व्हायचं तर साधारण एवढी थेरपी झेपली पाहिजे, असा नियम आहे. ब्रिटनमधल्या कितीतरी रुग्णांना हे ३ तास प्रत्यक्षात मिळत नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण निदान किती कमी पडलं ते मोजायला आकडा तरी आहे.

मामांना मिळाली पाऊण तास, आठवड्यातून तीनदा. एक पोरगी यायची, कामात हुशार. “काका, हात वर… अजून… छतावरचं जळमट काढायचंय असं समजा.” मामा हसायचे आणि हात दोन बोटं आणखी वर जायचा. एका व्हिजिटचे सहाशे. दुसऱ्या महिन्यात मामीने आठवड्याला दोनदा केलं.

हॅम्बुर्गचा फोन

माझी आतेबहीण हॅम्बुर्गला असते. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाला, वय बावन्न, साधारण तसाच झटका आला होता. तिने फोनवर सांगितलेलं मामी स्पीकरवर ऐकत होती. हॉस्पिटलातून सुटायच्या आधीच तिथल्या सामाजिक सेवा विभागाने पुढच्या रिहॅब क्लिनिकचे कागद भरले. घरच्यांनी फक्त सह्या केल्या. डिस्चार्जनंतर साधारण १४ दिवसांच्या आत क्लिनिकला दाखल व्हायचं, अशी तिथे रीत आहे. मुक्काम सहसा तीन आठवड्यांचा, गरज असेल तर वाढवून मिळतो. खिशातून दिवसाला १० युरो, तेही ठरावीक दिवसच. बाकी विमा.

आपण हे ऐकून म्हणतो, काय माणुसकी आहे बघा. माणुसकी असेलही. पण जर्मनीत याच्या मुळाशी हिशोब आहे. १८८४ साली, बिस्मार्कच्या काळात, तिथे कामगारांसाठी सक्तीचा अपघात विमा आला. पैसे मालकांच्या वर्गणीतून. कामगार अपंग झाला की विमासंस्थेला त्याला वर्षानुवर्षं पैसे द्यावे लागणार. मग त्याला पुन्हा कामावर उभं करणं स्वस्त पडतं. यातूनच पुढे ‘पेन्शनआधी पुनर्वसन’ हे तत्त्व घट्ट झालं. आजही तिथे नोकरदार माणसाच्या पुनर्वसनाचा खर्च बहुतेकदा पेन्शन विमा उचलतो. बावन्न वर्षांच्या माणसाला निवृत्तीच्या वयापर्यंत पोसायचं, की काही आठवडे क्लिनिकमध्ये ठेवून परत टेबलाशी बसवायचं? कारकूनही सांगेल.

आता हाच हिशोब आपल्याकडे मांडून बघा. आपल्याकडे दहातले नऊ लोक असंघटित कामात. अप्पा बळवंत चौकातल्या हातगाडीवाल्याचा उजवा हात गेला तर कुठल्या संस्थेची पेन्शन चालू होते? केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन महिन्याला ३०० रुपये आहे, तेही दारिद्र्यरेषेखाली असाल आणि ८० टक्के अपंगत्व असेल तर. राज्य त्यात आपली भर घालतं, तरी रक्कम कुणाला घाम फुटावा अशी नाही. त्या माणसाला पुन्हा उभं केलं तर सरकारचे वाचणार किती? नाही केलं तर नुकसान किती? नुकसान प्रचंड असतं, पण ते सरकारी वहीत उतरतच नाही. ते उतरतं त्याच्या बायकोच्या, शाळा सोडलेल्या पोरीच्या आणि सावकाराच्या वहीत.

संघटित कामगारांची स्थिती थोडी बरी आहे. भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये बोटं गेली आणि कामगार ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) नोंदलेला असेल, तर उपचार आणि भरपाई मिळते. पण आपला भरपाईचा कायदा मूळचा १९२३ चा, २०२५ मध्ये तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्याला जोडलेल्या तक्त्यात कुठलं बोट गेलं तर किती टक्के कमाईची क्षमता गेली, हे लिहिलेलं आहे. उरलेल्या बोटांनी काम कसं करायचं, ते शिकवायचं कलम मला त्या तक्त्यात दिसलं नाही.

आयुष्मान भारतचं बघा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च, ही मोठीच गोष्ट आहे, आणि तिने कितीतरी घरं कर्जातून वाचवली असतील. पण डिस्चार्जनंतरचा खर्च त्यात धरलेला आहे तो १५ दिवसांचा. मेंदू तेव्हा कुठे शिकायला बसलेला असतो.

१९४४

या विषयात पुण्याचा एक जुना धागा आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो.

फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलात लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरने मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. गुटमान जर्मन ज्यू, नाझींच्या तडाख्यातून १९३९ ला निसटून आलेले. तोवर मणका तुटलेला सैनिक म्हणजे काही महिन्यांचा पाहुणा, असंच डॉक्टर धरून चालत. तो मरायचा ते मणक्यामुळे नाही. पाठीला पडणाऱ्या जखमा आणि लघवीचा संसर्ग, यांनी मरायचा. गुटमान यांचा पहिला उपाय ऐकायला अगदीच सामान्य आहे: रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. मग खेळ. त्यांनी १९४८ मध्ये हॉस्पिटलच्या आवारात व्हीलचेअरवरच्या सैनिकांच्या तिरंदाजी स्पर्धा घेतल्या. आजचं पॅरालिम्पिक तिथून निघालं.

त्याच १९४४ मध्ये, मे महिन्यात, पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. महायुद्ध तेच, सरकार गोऱ्या साहेबाचंच. हातपाय गमावून आलेल्या सैनिकांना इथे लाकडी-चामडी अवयव बसवले जायचे. ते केंद्र आजही चालू आहे. पुढे १९७४ मध्ये खडकीला मणक्याच्या इजेने कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक केंद्र निघालं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय लुळे पडलेले मुरलीकांत पेटकर हे याच लष्करी जगातले. पोहणं त्यांच्या उपचाराचा भाग होतं, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी आणलं. भारताचं ते पहिलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

म्हणजे पुण्याला हे काम येत नव्हतं असं नाही. ऐंशी वर्षांपासून येतं. फरक पुढे पडला. ब्रिटनमध्ये जुलै १९४८ ला सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य सेवा आली आणि सैनिकासाठी उभी राहिलेली व्यवस्था हळूहळू ट्रकवाल्याला, गवंड्याला, म्हातारीलाही मिळायला लागली. आपल्याकडे लष्कराच्या भिंतीपलीकडे ती फारशी झिरपलीच नाही. वानवडीच्या केंद्रात सिव्हिलियन लोकांनाही अवयव बसवून मिळतात, पण सैनिकाला मागे जी फौज उभी असते ती त्यांना कुठून मिळणार? बघा, सैनिकाच्या बाबतीत आपलं सरकारही जर्मनीसारखं वागतं, कारण तिथे खर्च त्याच्या स्वतःच्या वहीत असतो.

कूस बदलण्याचं अजून एक. बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला लुळ्या पडलेल्यांचं मोठं केंद्र आहे. व्हॅलेरी टेलर नावाच्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने ते १९७९ मध्ये, एका हॉस्पिटलच्या आवारातल्या सिमेंटच्या पडीक गोदामात, चार रुग्णांवर सुरू केलं. काम उत्तम. व्हीलचेअर तिथेच वेल्डिंग करून बनवतात. तरी तिथून बरे होऊन घरी गेलेले कितीतरी रुग्ण पुढच्या दोन वर्षांत दगावतात, हे संशोधकांना पाठपुराव्यात दिसलं. कारण तेच १९४४ च्या आधीचं: पाठीच्या जखमा. दोन तासांनी कूस बदलायला मशिन लागत नाही, पण माणूस लागतो. जो माणूस आहे तो सकाळी भाताच्या शेतावर गेलेला असतो.

माणूस लागतो म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अनेक गरीब आणि मध्यम देशांत पुनर्वसनाचं शिक्षण घेतलेले लोक दहा लाख लोकसंख्येमागे १० सुद्धा नाहीत. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर ३१ लाखांचं होतं. त्या हिशोबाने अख्ख्या शहराला मिळून ३१ जण. पुणं अर्थात तेवढं उपाशी नाही. कर्वे रस्त्याने चाललात तर दर दोन इमारतींमागे फिजिओची पाटी दिसेल. पण वेल्ह्याच्या आतल्या एखाद्या गावातून निघालेल्या माणसाला त्या पाटीपर्यंत यायला एसटी, रिक्षा आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी लागते. तो एकदा येतो. दुसऱ्यांदा बहुतेक येत नाही. गरीब-श्रीमंत देश असं आपण म्हणतो, पण ही दरी पुणे जिल्ह्याच्या आतच आहे.

पाय कुणाचा, जमीन कुणाची

साधनांच्या बाबतीत आकडे तर अंगावर येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीच अब्ज लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कृत्रिम अवयव यांपैकी काही ना काही लागतं. ज्यांना लागतं त्यांच्यापैकी काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्क्यांना ते मिळतं, श्रीमंत देशांत ९० टक्क्यांना.

मग श्रीमंतांकडची वस्तू आणून वाटली की झालं? नाही होत. भारतात जयपूर फुटची गोष्ट त्यातूनच घडली. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालायला बनवलेला होता. त्याने उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलातून जाता येईना, आणि अनवाणी स्वयंपाकघरात किंवा देवळात जायचं तर प्रश्नच नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, सगळ्या बाजूंनी वाकणारा, पायासारखा दिसणारा पाय तयार केला. सांगतात, की शर्मांची सायकल पंक्चर झाली आणि दुकानात ट्रकच्या टायरला रबर चढवताना बघून त्यांना ही कल्पना सुचली. सेठींना १९८१ ला मॅगसेसे मिळालं. मास्टरजी शर्मांचं नाव आजही पुष्कळांना माहीत नसतं.

पण चांगली वस्तूही वाटून टाकली की काम संपत नाही, आणि इथे माझं शिबिरांशी भांडण आहे. मंडप, हारतुरे, रांगेत बसवलेले लोक, पाहुण्यांच्या हस्ते व्हीलचेअर, फोटो. संध्याकाळी मंडप उतरतो. व्हीलचेअर देण्यासाठी आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आठ पायऱ्या सांगितल्या होत्या, २०२३ मध्ये त्या चारवर आणल्या: निवडा, मापात बसवा, वापरायला शिकवा, पाठपुरावा ठेवा. शिबिरात पहिली घाईत होते, दुसरी कधीकधी, उरलेल्या दोन होत नाहीत. मापात न बसलेल्या खुर्चीत लुळा माणूस दिवसभर बसला की त्याच्या बैठकीला जखम होते, आणि त्याला ती जाणवतही नाही. पाय कापल्यानंतर उरलेला खुंट पहिल्या काही महिन्यांत आकसतो आणि कृत्रिम पायाची वाटी सैल पडते. मुलांचं तर विचारू नका, ती वाढतात. वर्षभरात पाय आखूड होतो आणि मग माळ्यावर जातो. मला हे सगळं शिबिरं घेणाऱ्या मंडळींच्या नावाने बोटं मोडायला लिहायचं नाही. त्यांनी दिलं नसतं तर तेही मिळालं नसतं. पण वाटपाचा आकडा छापताना वर्षानंतर किती जण ती वस्तू वापरतात, तो आकडा कधीतरी शेजारी छापावा.

मोजण्यावरून आठवलं. २०११ च्या जनगणनेत भारतात २.२१ टक्के लोक अपंग निघाले. जगाची सरासरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १६ टक्के. ब्रिटनच्या सर्वेक्षणात तर जवळपास चारातला एक. ब्रिटिश लोक आपल्या दहापट लुळेपांगळे आहेत का? तिथे वय जास्त, हे एक कारण. पण मोठं कारण प्रश्न विचारण्यात आहे. “घरात कुणी अपंग आहे का?” असं दारात उभं राहून विचारलं, तर मामीसुद्धा “नाही हो” म्हणेल. “जिना चढायला त्रास होतो का? स्वतःचे कपडे घालता येतात का?” असं विचारलं तर उत्तर बदलतं. २०१६ च्या आपल्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ही चांगली मजल आहे. पण प्रमाणपत्र अजून टक्क्यांत निघतं, आणि ४० च्या खाली असलात तर बऱ्याच सवलतींचं दार बंद. शरीराचा कुठला भाग किती गेला, ते त्यातून कळतं. मामांचा तोच पाय लिफ्टच्या घरात वेगळा आणि नारायण पेठेच्या लाकडी जिन्यावर वेगळा, हे टक्क्यांत बसत नाही. जे मोजलं गेलं नाही त्याच्यासाठी थेरपिस्टची पदंही निघत नाहीत.

श्रीमंत देश सगळे एका माळेचे मणी नाहीत, हेही लगे हाथ सांगून टाकतो. अमेरिकेत ज्येष्ठांचा सरकारी मेडिकेअर विमा साध्या स्वरूपात श्रवणयंत्राचे पैसे देत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवा ते फुकट वापरायला देते. खासगी अमेरिकन विम्यात वर्षाला थेरपीच्या अमुक इतक्याच भेटी, अशी मर्यादा असते. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्येच मान्य केला; अमेरिकेने सही केली, पण तिच्या सिनेटने तो आजतागायत मंजूर केलेला नाही.

आता उरला आपला हुकमाचा एक्का: कुटुंब. आपल्याकडे घरची माणसं असतात, तिकडे म्हातारे एकटे पडतात, हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी म्हटलंय. थेरपिस्ट कमी आहेत ना, मग घरच्यांनाच शिकवा, की झालं. कल्पना एवढी पटण्यासारखी होती की ती भारतातच मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली गेली. अटेंड नावाचा हा अभ्यास. देशभरातली १४ हॉस्पिटलं, झटका आलेले १२५० रुग्ण. निम्म्यांच्या नातेवाइकांना हॉस्पिटलात आणि घरी व्यायाम शिकवले, निम्म्यांना नेहमीसारखं घरी पाठवलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले किती? इकडे ४७ टक्के, तिकडेही ४७ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

हे वाचलं तेव्हा मी जरा गप्पच झालो. याचा अर्थ घरच्यांचं करणं वाया जातं असा नाही. मामी नसती तर मामा आज कुठे असते, ते मला माहीत आहे. पण थोडंसं शिकवून थेरपिस्टचं काम बायको-मुलीच्या गळ्यात घातलं की ते होऊन जातं, या भ्रमाला मात्र त्या दोन सारख्या आकड्यांनी चांगलीच टाचणी लावली.

मामीची एक वही आहे. पूर्वी दूध, पेपर, गॅस लिहायची. आता त्याच वहीत मागच्या बाजूने वेगळं खातं आहे. मी तिच्या परवानगीने उतरवून घेतलं, पहिल्या महिन्याचं: फिजिओ १२ व्हिजिट, ७२००. ब्यूरोची मावशी, दिवसपाळी, १५,०००. डायपर, शीट. कमोडची खुर्ची. फूटड्रॉपचा, म्हणजे लोंबणाऱ्या पावलाला आधार देणारा, स्प्लिंट. चार पायांची काठी. रिक्षा, रिक्षा, रिक्षा. तिसऱ्या महिन्यापासून मावशी नाही. त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, कारण ते काम तेव्हापासून मामी करते.

हॅम्बुर्गच्या बहिणीने नंतर एकदा सांगितलं, की जर्मनीत १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे. घरच्या माणसाने ठरावीक तासांपेक्षा जास्त शुश्रूषा केली तर त्याच्या नावाने पेन्शनची वर्गणीसुद्धा तो विमा भरतो. मामी म्हणाली, “माझी भरतात का विचार.” मग स्वतःच हसली आणि मामांना अंघोळीला उठवायला गेली.

मामा आता काठी घेऊन चौकापर्यंत जातात. जिन्यावर अजून कुणीतरी मागे लागतं. गेल्या आठवड्यात काठीच्या चार रबरी टोप्यांपैकी दोन झिजून लोखंड दिसायला लागलं आणि काठी फरशीवर सरकली. सदाशिव पेठेतली तीन सर्जिकल दुकानं पालथी घातली. “टोप्या सुट्या येत नाहीत काका, नवीन काठी घ्या,” असं तिन्हीकडे उत्तर. शेवटी कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने जुन्या टायरचे दोन गोल तुकडे कापले, आतून सोल्युशन लावलं, ठोकून बसवले आणि काठी जमिनीवर दोनदा आपटून बघितली.

वहीत त्या दिवशीची नोंद आहे: काठीचं रबर, ३०.